फतेगंजकरांनो, थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका

दिवाळी सरली की कमाटीबागेत पहाटे चालणाऱ्यांची गर्दी वाढते. उन्हाळ्यात घामाने नकोसं झालेलं चालणं आता सुखाचं वाटतं, रोज चाला असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं, आणि पहाटेची हवा शुद्ध असते हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाळ्यात ही समजूत खरी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र ती वडोदऱ्यात सरळ उलटी ठरते. या चार महिन्यांत पहाटे साडेपाच-सहाला बाहेर पडणारा माणूस चोवीस तासांतली बहुधा सगळ्यात वाईट हवा छातीत भरून घेतो, तीही चालण्यामुळे श्वास खोल आणि जलद झालेला असताना. फतेगंज, निजामपुरा, प्रतापगंज, सयाजीगंज, समा या भागांत राहणाऱ्यांनी कधी बाहेर पडावं, खिडक्या कधी उघडाव्यात, मास्क कधी लावावा, हे घड्याळापेक्षा ऋतू आणि वारा पाहून ठरवायला हवं. त्यासाठी आपल्या गावाची ठेवण थोडी समजून घेऊ.

वडोदरा गाळाच्या सपाट मैदानावर वसलं आहे. समुद्रसपाटीपासून उंची चाळीस मीटरच्या आतबाहेर. डोंगर म्हणावा असा पावागड, तोही पूर्वेकडे चाळीस-पन्नास किलोमीटरवर. उत्तरेला मही, दक्षिणेला नर्मदा, नैऋत्येला खंभातचं आखात. म्हणजे वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. तो ज्या दिशेने येईल तसा गावभर फिरतो. आता कारखाने कुठे आहेत ते पाहा. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. तिच्या आसपास बाजवा, फर्टिलायझरनगर, रणोली, नंदेसरी असा रसायनांचा, खतांचा, पेट्रोकेमिकलचा सगळा पट्टा उभा राहिला. हा पट्टा शहराच्या वायव्येला आणि उत्तरेला आहे, आणि फतेगंज हा शहराचा उत्तरेकडचा भाग. एका बाजूने रेल्वे, मधून छाणीकडे जाणारा वाहता रस्ता आणि त्यावरचा पूल. शेजारीच विद्यापीठ, कमाटीबाग आणि लष्कराच्या ईएमई स्कूलची झाडी, म्हणून हिरवळ पुष्कळ. पण विश्वामित्रीही जवळच आहे आणि तिच्या काठच्या घळी खोल आहेत. थंड हवा जड असते, रात्री ती सखल जागेकडे उतरते आणि तिथे साचते. हिवाळ्याच्या सकाळी नदीकाठी जे धुरकट धुकं दिसतं, ते निव्वळ धुकं नसतं.

वाऱ्याचा हिशेब असा. साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येकडून, आखाताच्या बाजूने येतो. तो जोरकस असतो, आणि वायव्येचा धूर आपल्याकडे न आणता पुढे ईशान्येला नेतो. ऑक्टोबरात हा वारा मोडतो. मग थंडीभर उत्तरेकडून, ईशान्येकडून, कधी वायव्येकडून वारा येतो, आणि बहुतेक वेळ अगदी मंद. ज्या ऋतूत आपण खिडक्या उघड्या टाकून पंखा बंद करतो, त्याच ऋतूत कारखान्यांचा पट्टा वाऱ्याच्या वरच्या अंगाला येतो.

पण सगळा दोष कारखान्यांवर टाकून मोकळं होऊ नये. फतेगंजच्या रस्त्यावरची वाहनं, उकरलेले रस्ते, रेल्वेमार्गालगत चाललेलं बुलेट ट्रेनचं बांधकाम, खाण्याच्या गाड्यांवरचे कोळसे, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, हे सगळं बाराही महिने आहे. मग थंडीतच त्रास का होतो? कारण थंडीत हवेचं छत खाली येतं.

दिवसा ऊन जमीन तापवतं, जमिनीलगतची हवा तापून वर चढते आणि धूर सोबत घेऊन जाते. मे महिन्याच्या दुपारी धूर मिसळायला दोन-तीन किलोमीटर उंचीची हवा मिळते. जानेवारीची रात्र निरभ्र आणि कोरडी असते. दुपारचं २८-३० अंशांचं तापमान पहाटे ११-१२ वर येतं. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. खाली गार, वर उबदार अशी उलटी मांडणी झाली की खालची हवा वर जातच नाही. मिसळायला मिळणारी उंची शंभर-दोनशे मीटरवर येते. घराचं दहा फुटांवरचं छत दोन फुटांवर आणलं आणि चूल तीच ठेवली, तर जे होईल तेच गावाचं होतं. धूर वाढलेला नसतो. त्याला पसरायला जागा उरलेली नसते.

हे छत सूर्य मावळल्यावर बसू लागतं आणि सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत हटत नाही. जानेवारीत वडोदऱ्यात सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. त्याआधीच दुधाच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, रिक्षा सुरू झालेल्या असतात आणि त्यांचा धूर त्याच अडकलेल्या थरात पडत राहतो. नऊ-साडेनवाला छत मोडायला लागतं. तेव्हा एक गंमत होते, जी माहीत असणं गरजेचं आहे: रात्री उंच चिमण्यांतून निघून वरच्या थरात तरंगत राहिलेला धूर याच वेळी घुसळून खाली येऊ शकतो. म्हणून ऊन पडलं म्हणून लगेच बाहेर पडू नका. थंडीत चालायला चांगली वेळ दोनच: सकाळी दहानंतर, किंवा दुपारी चार ते साडेपाच. नोकरीवाल्यांना दहाची वेळ जमणार नाही हे उघड आहे. त्यांनी आठवड्यातले पाच दिवस घरातच सूर्यनमस्कार, योगासनं, जिन्याची चढउतर करावी आणि शनिवार-रविवारी दुपारी बागेत जावं. चालणं सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. व्यायाम सोडल्याने होणारं नुकसान मोठं आहे. फक्त वेळ हलवा. आणि रस्ता निवडा. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यापासून दीडदोनशे मीटर आत गेलं की बराच विरतो. पुलाखालून, छाणी रोडच्या कडेने चालण्यापेक्षा आतल्या गल्ल्या, विद्यापीठाची मैदानं केव्हाही बरी.

हा प्रकार एकट्या वडोदऱ्याचा नाही. चीनच्या राजधानीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. बीजिंगच्या पश्चिमेला आणि उत्तरेला डोंगरांची कमान आहे, दक्षिणेला सपाट मैदान आणि त्या मैदानात हबेई प्रांतातले पोलादाचे कारखाने. दक्षिणेचा मंद वारा सुटला की तो धूर डोंगराच्या कुशीत येऊन साचतो. सैबेरियाकडून थंड, जोराचा वारा आला की एका रात्रीत आकाश निळं होतं. त्यातच १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं तापवण्याचा हंगाम, आणि त्यासाठी जळणारा कोळसा. मार्च-एप्रिलमध्ये गोबीच्या वाळवंटाची धूळ. जानेवारी २०१३मध्ये तिथली हवा इतकी बिघडली की जगभर त्याची चर्चा झाली. त्या वर्षीची पीएम २.५ची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पट बारीक अशा कणांची, सरासरी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. दहा वर्षांनी, २०२३मध्ये ती ३२वर आली. डोंगर तिथेच होते, हिवाळाही तोच होता. बदलला तो कोळसा: शहरातलं कोळशावरचं शेवटचं मोठं वीजकेंद्र २०१७मध्ये बंद झालं, लाखो घरांत कोळशाऐवजी गॅस आणि वीज आली. आपल्याकडे डोंगरांची कमान नाही, घरं तापवावी लागत नाहीत, आणि वर्षातले पाच-सहा महिने आखाताचा वारा फुकट झाडलोट करून जातो. भूगोलाने बीजिंगपेक्षा आपल्याला खूप जास्त दिलं आहे. तरीही थंडीत आपली हवा बिघडते, याला भूगोलाचं कारण पुढे करता येणार नाही.

बीजिंगवाल्यांचा एक धडा मात्र जसाच्या तसा लागू पडतो. कडाक्याची, वाऱ्याची थंडी असेल तो दिवस हवेच्या दृष्टीने चांगला. थंडी सौम्य आणि वारा पडलेला, तो दिवस वाईट. वडोदऱ्यात हे कळायला यंत्र लागत नाही, उत्तरायणाचा अनुभव पुरे आहे. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की सकाळी सातला ठुमके मारून मारूनही पतंग चढत नाही, नऊ-दहानंतर वारा धरतो आणि संध्याकाळ झाली की पुन्हा पडतो. हाच छत बसण्या-उठण्याचा क्रम आहे. ज्या वेळी पतंग चढत नाही त्या वेळी धूरही हलत नाही. थंडीभर रोज सकाळी गच्चीतून झाडाची शेंड्याकडची पानं पाहायची सवय लावून घ्या. ती निश्चल असतील आणि दूरची इमारत धुरकट दिसत असेल, तर त्या दिवशीचा बाहेरचा व्यायाम रद्द.

आकडे पाहणाऱ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक मिळतो: ५०पर्यंत चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत खराब, ४००पर्यंत अतिखराब, त्यापुढे गंभीर. पण तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कणांसाठीचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात. दुपारची बरी हवा आणि पहाटेची वाईट हवा त्यात एकत्र येते, त्यामुळे ‘मध्यम’ दिसलं तरी सकाळी सातची हवा मध्यम असेलच असं नाही. दुसरं, निर्देशांक कोणत्या घटकामुळे चढला ते पाहा. पीएम १०, म्हणजे जरा जाड कण, चढले असतील तर मुख्यतः धूळ आहे, पीएम २.५ चढले असतील तर धूर आहे, आणि तोच फुप्फुसांत खोल जाऊन रक्तापर्यंत पोचतो. ओझोन असेल तर उन्हाचा खेळ आहे. आपल्या देशात पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती १५ सुचवली. म्हणून घरात दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण, गरोदर बाई, लहान मूल असेल तर ‘समाधानकारक’ या शब्दावर फार विसंबू नका.

खिडक्यांचं वेळापत्रक चालण्याच्या वेळेशीच जुळतं. थंडीत सूर्यास्ताच्या आधी खिडक्या लावून घ्या आणि सकाळी उठल्या उठल्या उघडू नका. दुपारी बारा ते चार घर मोकळं सोडा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर वीस मिनिटांत हवा पालटते. पुलाच्या उंचीला ज्यांचे मजले येतात त्यांनी रस्त्याकडची बाजू बंद ठेवून मागची उघडावी. याला एक अपवाद आहे आणि तो जिवाशी निगडित आहे. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात चालला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि थंडीत या कारणाने माणसं दगावतात. न्हाणीघराची झडप कधीही बंद करू नका. जमलं तर गॅसचा गीझर बाहेर बसवून घ्या. स्वयंपाकघराचंही तसंच. फोडणी, तळण, पापड भाजणं या वेळी एक्झॉस्ट पंखा चालू आणि खिडकी किलकिली हवीच, बाहेरची हवा कशीही असो. बंद खोलीत डासांची कॉइल आणि धूप लावणंही थंडीत घातक. दारं लावून घेतली म्हणून आत हवा चांगली आहे असं वाटतं आणि उशाशी कॉइल जळत असते. मच्छरदाणी वापरा. केर काढताना कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

मास्क लावायचा तर एन-९५, आणि तो नाकाला, गालाला घट्ट बसलेला. स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला जो दुपट्टा गुंडाळतात तो ऊन आणि जाड धूळ अडवतो, धुराचे बारीक कण नाही. साधा तीन पदरी मास्कही कडेने हवा आत सोडतो. थंडीत सकाळी कॉलेजला, क्लासला दुचाकीवरून जाणाऱ्या मुलामुलींना मी हा खर्च नक्की करायला सांगेन. ज्यांना दम लागतो त्यांनी मास्क लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दम्याच्या रुग्णांनी ऑक्टोबरातच डॉक्टरांकडे एक फेरी मारून पंप आणि त्याची मात्रा पक्की करून घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा ते बरं.

हवा शुद्ध करणारं यंत्र सगळ्यांना लागत नाही. घरात आजारी माणूस असेल तर एका, झोपायच्या खोलीसाठी घ्यावं. त्यात हेपा गाळणी आहे ना ते बघा, आणि ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा विचारा. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ४१ घनमीटर भरते. तासाला पाच वेळा हवा पालटायची तर तासाला दोनशे घनमीटर देणारं यंत्र हवं. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका. एसी लावला म्हणजे हवा गाळली जाते हाही गैरसमज आहे. साधा एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो.

उन्हाळ्यात सगळा हिशेब फिरतो. मार्चपासून छत उंच जातं, सकाळची हवा बरी होते, पण कच्छ-राजस्थानकडची आणि इथल्याच उकरलेल्या रस्त्यांची धूळ उडायला लागते. धुळीने डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, तरी ती बारीक धुराइतकी खोल शिरत नाही. खरी लक्ष ठेवायची गोष्ट ओझोन. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल-रसायनांच्या वाफा, यांवर कडक ऊन पडलं की तो तयार होतो, आणि दुपारी बारा ते चार या वेळात चढतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मुलांचे क्रिकेटचे, पोहण्याचे वर्ग सकाळी लवकर ठेवा. थंडीत जी वेळ टाळायची, तीच उन्हाळ्यात धरायची. रात्री नैऋत्येचा वारा सुटला की खिडक्या खुशाल उघड्या टाका.

पावसाळ्याबद्दल फार सांगायला नको, हवेचा तो सुगीचा काळ. पहाटे, दुपारी, केव्हाही फिरा. भिंतींची ओल आणि बुरशी तेवढी सांभाळा. मात्र विश्वामित्रीला ऑगस्ट २०२४सारखा पूर आला, तर पाणी ओसरल्यावर जो गाळ रस्त्यात राहतो तो वाळायच्या आत हलवायला लावा. ओला असताना तो नुसता चिखल असतो, वाळला की चाकांखाली दळला जाऊन पंधरा-वीस दिवस घराघरांत शिरतो.

दिवाळीचे चार दिवस वेगळे धरावे लागतात, कारण फटाके नेमके अशा सुमारास येतात जेव्हा नैऋत्येचा वारा संपलेला असतो आणि रात्रीचं छत बसायला लागलेलं असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उडवलेल्या फटाक्यांचा धूर पाडव्याच्या सकाळी तिथेच असतो. पाडव्याला पहाटे अभ्यंगस्नान करून मंदिरात जायचं तर जा. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना न्यायचं ते दहानंतर.

शेवटी वासाचं. छाणी, निजामपुरा, गोरवा या बाजूला थंडीच्या रात्री उग्र वास आल्याच्या तक्रारी होत असतात. असा वास आला तर खिडक्या लावून घ्या, आणि डोळे-घसा जळजळत असेल तर वाऱ्याला आडवे होऊन दूर जा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका. धूरही त्याच दिशेने येत असतो. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या रिफायनरीत बेन्झीनच्या टाकीला आग लागली तेव्हा धूर लांबून दिसत होता. अशा वेळी वारा कुठून कुठे आहे हे माहीत असलेलं घर नीट निर्णय घेऊ शकतं. वास कोणत्या कारखान्याचा हे नाकाने ठरवता येत नाही, म्हणून तक्रारीत कुणाचं नाव घालू नका. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं विभागीय कार्यालय वडोदऱ्यातच आहे. त्यांना लिहून कळवा: तारीख, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, तुमची जागा, वास कशासारखा होता, आणि वारा कोणत्या दिशेने येत होता. सोसायटीतल्या चार घरांनी एकाच रात्रीच्या अशा नोंदी दिल्या तर अधिकाऱ्यांना नकाशावर उलटी रेघ ओढून जागा शोधता येते. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांची तक्रार महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयात करा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये त्यासाठी पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला आहे. अर्जात या आदेशाचा उल्लेख करा, आणि फोटोवर वेळ दिसेल असं बघा.